शत्रुपक्षाकडील मंडळी

मॅनेजर हा प्राणी माणसाला आवडू शकतो, हे मला वयाच्या पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हते. छत्तीस वर्षे मी एका बँकेत काढली. तेवढ्या काळात अकरा मॅनेजर माझ्या डोक्यावर येऊन बसले आणि यथावकाश उतरले. त्यांतला एकही कुणाला आवडल्याचे ऐकिवात नाही. एकाच्या निरोपसमारंभाला मात्र झाडून सगळा स्टाफ हजर होता. पण तो, साहेब खरोखरच जात आहेत ना, याची खात्री करून घ्यायला. आता जिथे स्वतःच्याच शाखेचा मॅनेजर आवडत नाही, तिथे समोरच्या फुटपाथवरच्या बँकेचा मॅनेजर कुणाला आवडतो, असे सांगितले तर तुम्ही माझ्याकडे कसे पाहाल, ते मला कळते.

तरीही आज पंचाहत्तरीला टेकल्यावर कबूल करून टाकतो. मला शत्रुपक्षाचे मॅनेजर आवडतात. फुटबॉलचे. विलायतेत फुटबॉलच्या संघाला जो शिकवतो, रागावतो, कोणी खेळायचे ते ठरवतो आणि संघ हरला की ज्याला नारळ देतात, त्या गृहस्थाला मॅनेजर म्हणतात. आणि ही आवड मी कितीतरी वर्षे माझ्याच घरात, एखाद्याने मधुमेहात पेढ्यांचा पुडा लपवावा तशी लपवून ठेवली होती.

त्याचे असे झाले. १९९९ सालच्या मे महिन्यात एका रात्री दोनच्या सुमाराला आमच्या ठाण्याच्या घरात एकदम आरोळी उठली. मला वाटले, चोर शिरला. हातात छत्री घेऊन बाहेर येतो तो चिरंजीव सोफ्यावर उभे. बनियन काढून हवेत फिरवताहेत आणि डोळ्यांतून पाणी वाहते आहे. बार्सिलोनाच्या मैदानावर युरोपच्या चषकाचा अंतिम सामना होता. नव्वद मिनिटे होईपर्यंत हरत असलेल्या मँचेस्टर युनायटेडने वरच्या दोन-तीन मिनिटांत दोन गोल करून बायर्न म्यूनिकच्या तोंडचा घास काढून घेतला होता. त्या रात्रीपासून आमचे घर युनायटेडचे झाले. चिरंजीवांच्या टेबलावर गणपतीच्या शेजारी सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचा फोटो आला. "हा देव सारखा काय चघळतो?" असे सौ.ने एकदा विचारले. तो च्युइंगम चघळतो, हे सांगितल्यावर "निदान तंबाखू नाही," म्हणून तिनेही त्याला देव्हाऱ्यात घेतले.

मी कसा काय युनायटेडचा झालो, हे विचाराल तर त्यात फुटबॉलचा संबंध कमी आहे. चौदा वर्षांचा मुलगा बापाशी दिवसाला सरासरी चार शब्द बोलतो, आणि त्यांतले दोन 'पैसे द्या' हे असतात. फुटबॉल बघताना मात्र आमचे चिरंजीव अखंड दीड तास बोलत. मी शेजारी जाऊन बसायला लागलो. ऑफसाइड म्हणजे काय हे समजून घेतले. एकदा समजले, मग पुन्हा विसरलो, पुन्हा समजले. युनायटेडचा गोल झाला की उडी मारायची, आर्सेनल आणि लिव्हरपूल ही नावे उच्चारताना तोंड कडू करायचे, एवढे पथ्य पाळले की सोफ्यावरची ती जागा आपली. ती जागा मला फार मोलाची होती. त्यामुळे पुढे जे झाले ते चारचौघांत बोलायची माझी छाती झाली नाही.

मला आर्सेन वेंगर आवडायला लागले.

आर्सेनलचे मॅनेजर आर्सेन. वाईत राहणाऱ्याचे आडनाव वाईकर असावे, तसा हा प्रकार. हे फ्रेंच गृहस्थ १९९६ साली जपानातल्या एका क्लबातून लंडनला आले, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनी 'कोण हा आर्सेन?' असे छापले होते. उंच, शिडशिडीत आणि अर्थशास्त्राचे पदवीधर. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, हे इथे चुकून आले. यांचा शेजारच्या कॉलेजात तास असणार. आल्या आल्या त्यांनी खेळाडूंचे चॉकलेट बंद केले आणि त्यांना उकडलेल्या भाज्या आणि उकडलेली कोंबडी खायला घातली. खेळाडूंनी बसमध्ये चॉकलेटसाठी घोषणा दिल्या म्हणतात. पण त्याच माणसाच्या संघाने २००३-०४ च्या हंगामात अडतीस सामने खेळून एकही गमावला नाही. सव्वीस जिंकले, बारा बरोबरीत सोडवले. सौ.ला हे सांगण्याची चूक मी केली. "बघा, उकडलेलं खाऊन पोरं जिंकली. आणि तुम्ही दुधीला नाक मुरडता!" त्यानंतरचा आठवडाभर आमच्या घरात वेंगर पद्धतीचा स्वयंपाक झाला.

पण माझे मन जडले ते त्यांच्या विजयांवर नव्हे. त्यांच्या खेळाडूने कुणाला आडवे पाडून लाल कार्ड घेतले की सामन्यानंतर पत्रकार विचारायचे, आणि वेंगर शांतपणे सांगायचे, "मी पाहिलं नाही." वा! आई आणि सौ. यांच्यात स्वयंपाकघरात काही झाले की मी इतकी वर्षे हेच सांगत आलो होतो. पण ते असे खानदानी चेहऱ्याने सांगता येते, हे मला माहीत नव्हते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा तो कोट. गळ्यापासून घोट्यापर्यंत दुलईसारखा कोट घालून ते मैदानाच्या कडेला उभे राहत आणि त्याची चेन त्यांना लागत नसे. संघ मागे पडलेला, वरून पाऊस, साठ हजार लोक बोंबलताहेत आणि हा विद्वान माणूस वाकून कोटाची चेन लावण्यात गढलेला! ज्याने कधी पावसाळ्यात स्कूटरवर बसून रेनकोटची अडकलेली चेन ओढली आहे, त्याला या माणसाचा द्वेष करणे शक्य नाही.

घरात मात्र द्वेष करणे भाग होते. फर्ग्युसन आणि वेंगर यांचे वैर म्हणजे भाऊबंदकीच. ऑक्टोबर २००४ मध्ये आर्सेनलची ओळीने एकोणपन्नास सामने न हरण्याची मालिका युनायटेडने मोडली. तेव्हा आत जाताना झालेल्या बाचाबाचीत कुणीतरी भिरकावलेला पिझ्झाचा तुकडा थेट सर ॲलेक्सच्या अंगावर जाऊन आदळला. तो आपणच फेकला होता, असे सेस्क फॅब्रेगास या खेळाडूने पुष्कळ वर्षांनी कबूल केले. लग्नात मानपानावरून ताटे भिरकावल्याच्या कथा मी लहानपणी ऐकल्या होत्या. पण त्या वऱ्हाडी मंडळींच्या. सर पदवी मिळालेल्या माणसाच्या नव्हेत.

पुढे २८ ऑगस्ट २०११ च्या रविवारी युनायटेडने आर्सेनलला आठ-दोन असे हरवले. चिरंजीव प्रत्येक गोलाला उडी मारत होते. मीही पाचव्या गोलापर्यंत मारली. सहाव्याला "गुडघा दुखतोय" म्हणून बसलो. खरे म्हणजे मी वेंगरकडे पाहत होतो. आमच्या गणिताच्या मास्तरांना एकदा तपासनीसाने भर वर्गात फळ्यावरची चूक दाखवली होती. मास्तरांनी काही न बोलता डस्टरने फळा पुसला होता आणि पुसून झाल्यावरही बराच वेळ ते फळाच पुसत राहिले होते. तोच चेहरा.

"बाबा, आनंद नाही झाला?" चिरंजीवांनी विचारले.

"झाला की! आठ-दोन म्हणजे काय खायची गोष्ट आहे?" असे म्हणून मी जेवायला उठलो, आणि ताटात काय होते ते मला आता आठवत नाही.

यथाकाल चिरंजीव मिळवते झाले, पुण्याला गेले आणि त्यांनी स्वतःच लग्न जमवले. मुलगी कोल्हापूरची. शिकलेली, मनमिळाऊ, आपल्याच... जाऊ द्या, ते महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे, की मुलगी लिव्हरपूलची निघाली. जन्माने. वडिलांकडून आलेले. आता ज्यांना कोल्हापूर म्हणजे फक्त कुस्ती आणि तांबडा रस्सा एवढेच ठाऊक आहे, त्यांना सांगतो: त्या गावात फुटबॉलच्या संघांची नावे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम अशी असतात, आणि वर्ल्ड कपच्या दिवसांत गल्लीगल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे झेंडे फडकतात. व्याही तरुणपणी अशाच एका तालमीच्या संघात गोलकीपर होते. कॉलेजात असताना कुणाच्या तरी घरी एका विलायती मासिकात त्यांनी लाल कपड्यांतला लिव्हरपूलचा संघ पाहिला आणि तेव्हापासून ते त्या क्लबाचे झाले. साडेसहा फुटांचा आवाज आणि साडेपाच फुटांचा देह असा तो माणूस. पहिल्याच भेटीत मला आवडला. पण वरपक्षाने वधूपक्षाला असे लगेच सांगायचे नसते.

लग्न डिसेंबर २०१५ मध्ये कोल्हापुरात झाले. सगळे व्यवस्थित पार पडले. पंगतही अर्धी उठली होती. तेवढ्यात वधूचे काका मठ्ठ्याचे भांडे घेऊन लगबगीने आले आणि सांडलेल्या पाण्यावरून घसरून वरपक्षाच्या पंगतीसमोर अलगद बसते झाले. लागले कुणाला काही नाही. मठ्ठा तेवढा वाहिला. आणि माझ्या तोंडून शब्द गेला:

"अरेरे, जेरार्ड घसरला!"

वाचकांपैकी जे सुदैवी आहेत त्यांच्यासाठी खुलासा केला पाहिजे. स्टीव्हन जेरार्ड हा लिव्हरपूलचा कप्तान. आयुष्यभर त्या एका क्लबासाठी इंग्लंडात खेळला, सगळे मिळवले, फक्त लीगचे विजेतेपद हाताला लागले नाही. २७ एप्रिल २०१४ रोजी ते हाताशी आले असताना चेल्सीविरुद्ध ऐन वेळी त्याचा पाय घसरला, प्रतिस्पर्ध्याने चेंडू पळवून गोल केला आणि शेवटी दोन गुणांनी लीग गेली. हे लिव्हरपूलवाल्यापुढे काढणे म्हणजे पंगतीत बसून यजमानाच्या मयत काकांची उधारी काढण्यासारखे आहे.

चिरंजीवांचे मित्र हसले. व्याही हसले नाहीत. ते एक शब्द बोलले नाहीत. आणि कोल्हापूरचा माणूस बोलत नाही म्हणजे प्रकरण शिव्यांच्या पलीकडे गेलेले असते. पाठवणीच्या वेळी त्यांनी माझा हात हातात घेतला आणि एवढेच म्हणाले, "पोरगी दिली ती पोराकडं बघून. युनायटेडकडं बघून न्हाई."

त्यानंतर अडीच वर्षे आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नाही. सणावाराचे फोन विहीणबाई आणि सौ. यांच्यात होत. मी शेजारच्या खुर्चीत असे. तिकडे तेही शेजारच्याच खुर्चीत असणार. संक्रांतीला तिळगूळ कुरियरने आला. आत 'गोड बोला' असे छापलेले कार्ड होते. ते मी स्वतःलाच उद्देशून आहे असे समजलो.

दैव असे की नेमक्या याच काळात शत्रुपक्षाचे मॅनेजर मला भराभर आवडू लागले. लेस्टर नावाच्या बेताच्या क्लबाला क्लॉदिओ रानिएरी नावाचे इटालियन मॅनेजर लाभले. २००४ साली यांना चेल्सीने नारळ दिला होता. हंगामाच्या सुरुवातीला लेस्टर जिंकण्यावर एकास पाच हजार असा भाव होता. यांनी खेळाडूंना सांगितले, एक सामना गोल न खाता काढा, पिझ्झा खाऊ घालतो. पोरांनी काढला. यांनी त्यांना पिझ्झाच्या दुकानात नेले आणि तिथे पीठ थापायला लावून ज्याचा त्याला पिझ्झा करायला लावला! अशा माणसाबरोबर संसार करायला हवा होता, असे सौ.चे मत पडले. मे २०१६ मध्ये लीग लेस्टरने जिंकली. ते ज्या दिवशी ठरले त्या दिवशी चौसष्ट वर्षांचे रानिएरी शहाण्णव वर्षांच्या आईकडे जेवायला इटलीला गेले होते. शेवटचा सामना चेल्सीच्याच मैदानावर होता. ज्यांनी काढले, त्यांनीच दोन रांगा करून टाळ्यांत त्यांचे स्वागत केले. नऊ महिन्यांनी लेस्टरनेही त्यांना नारळ दिला, ती गोष्ट वेगळी. मॅनेजरच्या जातीला नारळाचा तुटवडा कधी पडत नाही.

पण खरी पंचाईत केली ती युर्गन क्लॉप यांनी. हे लिव्हरपूलचे. म्हणजे शत्रूतले शत्रू. लग्नाच्या आधी दोनच महिने जर्मनीहून आले आणि 'मी आपला साधा माणूस' अशी स्वतःची ओळख करून दिली. उंच, दाढी, डोक्याला टोपी, तोंडभर दात. जिंकले की प्रत्येकाला मिठी. हरले तरी मिठी. आपल्या खेळाडूला, समोरच्या खेळाडूला, पाणी देणाऱ्या पोराला. जानेवारी २०१६ मध्ये नॉरिचविरुद्ध शेवटच्या क्षणी गोल होऊन पाच-चार असा सामना जिंकला. खेळाडू यांच्या अंगावर कोसळले आणि यांचा चष्मा फुटला. दुसरा आहे, पण चष्मा नसताना चष्मा शोधणार कसा, असे नंतर म्हणाले. मी रोज सकाळी हेच म्हणत असतो.

"हा कोणाचा?" सौ.ने विचारले.

"लिव्हरपूलचा."

"म्हणजे व्याह्यांचा? चांगला आहे की हो!"

मी "मी पाहिलं नाही," म्हणालो. फोन उचलून कोल्हापूरला 'तुमचा माणूस छान आहे' असे सांगावे, असे किती वेळा मनात आले. पण मठ्ठा आडवा येत होता.

२९ एप्रिल २०१८ ला चिरंजीव ठाण्याला आलेले होते. बावीस वर्षांनंतर वेंगर आर्सेनल सोडणार होते आणि मँचेस्टरच्या मैदानावर त्यांचा शेवटचा सामना होता. सामन्याआधी सर ॲलेक्स स्वतः मैदानात आले आणि त्यांनी वेंगरना एक भेटवस्तू दिली. मी चष्मा पुसून पाहिले. फुलदाणी होती!

जगात दोन ठिकाणीच माणसाला फुलदाणी मिळते, अशी माझी समजूत होती: लग्नात आणि बँकेतून रिटायर होताना. बावीस वर्षांचे वैर, तो पिझ्झा, ते आठ-दोन, आणि अखेरीला फुलदाणी. मला हसू यायला हवे होते. आले नाही. शेजारी पाहतो तो चिरंजीव सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवताहेत.

"अरे, शत्रू ना तो?"

"बाबा, मला ते आधीपासून आवडतात. कॉलेजात होतो तेव्हापासून."

"मग बोलला नाहीस कधी?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. तुम्ही इतके कट्टर युनायटेडवाले."

मी काय बोलणार? ज्याच्या शेजारी बसायला मिळावे म्हणून मी कट्टर झालो, तो माझे मन मोडू नये म्हणून कट्टर राहिला होता. सामन्याच्या अगदी शेवटी युनायटेडने गोल केला आणि जिंकले. उडी मारायचे दोघांच्याही लक्षात राहिले नाही.

बरोबर सहा दिवसांनी, ५ मे रोजी, सर ॲलेक्स यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी आमचा फोन वाजला. सौ. देवळात गेली होती, म्हणून मी उचलला.

"नमस्कार. कोल्हापूरहून बोलतोय."

तो साडेसहा फुटांचा आवाज मी अडीच वर्षांनी ऐकत होतो. मी सावरून बसलो.

"म्हातारा कसा हाय?" त्यांनी विचारले.

"बरा आहे," मी म्हणालो. "गुडघे दुखतात अधूनमधून. बीपीची गोळी चालू आहे."

"तुमचं न्हवं ओ! सर ॲलेक्स!"

"हां, हां. शुद्धीवर यायचे आहेत म्हणतात."

"येईल. चिवट हाय. सव्वीस वर्षं छळलंय आमाला त्यानं. आमाला उंचावरनं खाली पाडणार म्हणाला हुता, आणि पाडलं बगा." थोडा वेळ ते गप्प राहिले. "पर आसं न्हाई जायाचं. आसं जाऊने."

लिव्हरपूल क्लबनेही त्या दिवशी सदिच्छा पाठवल्या होत्या. पण तो क्लब मोठा, त्याच्याकडे पत्रे लिहायला माणसे असतात. माझ्या व्याह्यांनी स्वतः नंबर फिरवला होता. मग तासभर बोलणे झाले. ते मुख्यतः त्यांनीच केले. युनायटेडचे थोर मॅनेजर मॅट बझ्बी तरुणपणी लिव्हरपूलचे खेळाडू होते, कप्तान होते, आणि त्याआधी मँचेस्टर सिटीचे, हे मला त्या दिवशी कळले. "म्हंजे तुमचा मूळपुरुष आमच्याच घरातला," असे त्यांनी मला ऐकवले. ब्रायन क्लफ यांची गोष्ट सांगितली. त्यांनी १९७२ साली डर्बीला लीग जिंकून दिली, पुढे शेजारच्या नॉटिंगहॅममध्ये जाऊन त्यांनाही जिंकून दिली, वर दोनदा युरोपचा चषक. दोन्ही गावे एकमेकांची हाडवैरी. आता डर्बीहून नॉटिंगहॅमला जायच्या रस्त्यालाच क्लफ यांचे नाव आहे, म्हणे. इकडून जा नाहीतर तिकडून या, माणूस तोच. "आपल्या कोल्हापूर-सांगली रस्त्याला सांगून दावा बरं एक नाव," ते म्हणाले. मठ्ठ्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

सर ॲलेक्स बरे झाले, हे तुम्हाला माहीत आहेच.

जून २०२०. करोनाचे दिवस. त्या काळात रात्री फोन वाजला की माणसाचे काय होत असे, ते मी सांगायला नको. पहाटे पावणेतीनला वाजला. सौ. आणि मी दोघेही अंथरुणात उठून बसलो. कोल्हापूरचा नंबर. मी देवाचे नाव घेऊन उचलला. पलीकडून नुसता हुंदका.

"अहो, काय झालं? कोण...?"

"आलं!"

"काय आलं?"

"तीस वर्षांनी आलं ओ घरात!"

लिव्हरपूलने लीग जिंकली होती. क्लॉप टीव्हीवर रडत होते आणि कोल्हापुरात व्याही रडत होते. मी "अभिनंदन" म्हणालो आणि दोन मिनिटे नुसता त्यांचे रडणे ऐकत बसलो. सकाळी चिरंजीवांनी विचारले, "बाबा, तुम्ही खरंच त्यांचं अभिनंदन केलंत?" मी म्हणालो, "आवाज नीट येत नव्हता."

महिनाभराने एक बातमी वाचली. इंग्लंडात वर्षाच्या सर्वोत्तम मॅनेजरला चषक देतात. त्याला नाव सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचे. तो त्या वर्षी क्लॉपना मिळाला, आणि तो जाहीर करताना सर ॲलेक्स म्हणाले, की लीग जिंकल्याचे सांगायला यांनी मला पहाटे साडेतीनला उठवले, ते मी माफ करतो. मी ते कात्रण सौ.ला दाखवले. "म्हणजे त्यांच्याकडेही व्याही असेच," ती म्हणाली.

२६ जानेवारी २०२४. सोसायटीचे झेंडावंदन करून, जिलबी खाऊन दुपारी आडवा झालो होतो. चार वाजून गेल्यावर चिरंजीवांचा फोन.

"बाबा, क्लॉप चाललेत. हंगाम संपला की सोडणार."

"का?"

"थकलो म्हणतात."

आम्ही दोघे गप्प. "आपल्याला चांगलंच आहे," चिरंजीव म्हणाले. "हो, चांगलंच," मी म्हणालो. पुन्हा गप्प. मँचेस्टर सिटीचे पेप ग्वार्डिओला म्हणाले होते म्हणे, आता मला झोप चांगली लागेल. त्याच ग्वार्डिओलांच्या डोळ्यांत मे महिन्यात, क्लॉपबद्दल बोलताना, सगळ्यांसमोर पाणी आले. मी कोल्हापूरला फोन लावला. विहीणबाईंनी उचलला. "जेवले नाहीत हो दुपारी. जिलबी तशीच आहे. देऊ का?" मी म्हणालो, "नको. मीच येतो."

यायला जून उजाडला, कारण गुडघे. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून काय न्यावे, यावर घरात चर्चा झाली आणि मला एकदम सुचले: फुलदाणी! सौ. म्हणाली, विकत कशाला आणायची? लग्नात आलेल्या अकरा फुलदाण्या चिरंजीव पुण्याला न नेता आमच्या माळ्यावर ठेवून गेले होते. त्यांतली चांगली काचेची, निळ्या नक्षीची निवडली, पुसली आणि चकचकीत कागदात बांधली.

कोल्हापुरात बैठकीत मी उभा राहिलो. छोटेसे भाषणही केले: सर ॲलेक्सनी वेंगरना दिली, तशी ही युनायटेडकडून लिव्हरपूलला, श्री. क्लॉप यांच्या निरोपानिमित्त. सूनबाईंनी टाळ्या वाजवल्या. व्याह्यांचे डोळे भरून आले. त्यांनी कागद सोडवला, फुलदाणी दोन्ही हातांनी वर धरली, सवयीने उलटी करून बूड पाहिले आणि ते पाहतच राहिले. मग त्यांनी ती विहीणबाईंकडे दिली. विहीणबाईंनी चष्मा लावून बुडावरची चिकटपट्टी मोठ्याने वाचली:

"चि. सौ. कां. हिस सप्रेम भेट. मामा-मामी, इचलकरंजी."

सौ. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागली. चिरंजीवांना खोकला आला. 'मी पाहिलं नाही' हे म्हणायची माझ्या आयुष्यातली सर्वांत योग्य वेळ ती होती, पण शब्द फुटेना.

व्याह्यांनी फुलदाणी परत घेतली, टीव्हीवर क्लॉपच्या फोटोशेजारी ठेवली, जरा डावीकडे सरकवली आणि लांब उभे राहून पाहिली.

"आसू दे," ते म्हणाले. "वेंगरलाबी आसंच माळ्यावरचं काढून दिलं आसंल."

मग पाने मांडल्याची हाक आली. आम्ही आत जाऊन बसलो. व्याह्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून त्या साडेसहा फुटांच्या आवाजात सांगितले:

"मठ्ठा आणा रे! आणि जरा जपून. पावणं युनायटेडचं हाईत."